तांदुळवाडीहून एव्हरेस्टकडे : मराठी माणसाची पंचेचाळीस वर्षांची चढण



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा संपादक मंडळाची अपेक्षा अशी होती की, मी एडवणच्या इतिहासावर लिहावं. आशापुरी देवीचं देऊळ, खाडीकाठची जुनी वस्ती, पोर्तुगीज अमदानी वगैरे. पण त्यावर आपल्यातलेच दोघे माझ्यापेक्षा चांगलं लिहू शकतात आणि या अंकात लिहितही आहेत. मी मात्र गेली काही वर्षं एका वेगळ्याच गोष्टीची टिपणं काढत बसलो आहे. ती गोष्ट बर्फाची आहे. समुद्रकाठच्या माणसाने बर्फावर लिहावं याचं हसू येईल, म्हणून आधी कारण सांगतो.

आपल्या लहानपणी बर्फ म्हणजे मासळीचा बर्फ. कारखान्यातून लाद्या यायच्या, भुशात किंवा गोणपाटात गुंडाळलेल्या, आणि फोडून बोटीच्या खणात नाहीतर टोपल्यांत भरल्या जायच्या. सातपाटी काय, दातिवरे काय, बर्फ वेळेवर आला नाही की अख्खा दिवस फुकट. दुसरा बर्फ गोळेवाल्याचा. यापलीकडे बर्फाशी आपला संबंध नव्हता. डोंगराशी होता. सफाळ्याच्या मागे तांदुळवाडीचा किल्ला रोज दिसायचा, पण त्याच्या माथ्यावर फार तर धुकं असायचं.

१९८४ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सरांनी इतिहासाच्या पहिल्याच तासाला पुस्तक बाजूला ठेवून बचेंद्री पालची हकीकत सांगितली होती, आठवतं? २३ मे रोजी ती एव्हरेस्टवर पोहोचली होती, तिथे पोहोचलेली पहिली भारतीय स्त्री. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, आपला मराठी माणूस गेलाय का वर?" सर म्हणाले, "नाही अजून." त्यावर "का नाही?" असा पुढचा प्रश्न आला आणि सरांनी जरा थांबून उत्तर दिलं, "शोधून काढा."

आम्ही अर्थातच काही शोधलं नाही. दहावी झाली, नोकऱ्या लागल्या, संसार झाले. १९९८ साली मे महिन्यात लोकलमध्ये शेजाऱ्याच्या पेपरात बातमी दिसली की, पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १८ मे रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. तेव्हा एकदम तो तास आठवला. तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी वर पोहोचले २९ मे १९५३ रोजी. म्हणजे मधे पंचेचाळीस वर्षं गेली, अकरा दिवस कमी. एवढा वेळ का लागला? शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांचा अभिमान सांगणारा, कड्याकपारींत वाढलेला हा प्रदेश, आणि बर्फाच्या डोंगरावर जायला अर्धं शतक? सरांचा गृहपाठ चाळीसएक वर्षं उशिरा का होईना, पुरा करतोय.

पहिलं आणि साधं कारण हवामानाचं. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. एव्हरेस्ट ८,८४८. हवेचं तापमान साधारणपणे दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. एडवणच्या किनाऱ्यावर मे महिन्यात ३० अंश असेल तर या हिशेबाने एव्हरेस्टच्या माथ्यावर उणे २७ च्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, वारा त्यात धरलेलाच नाही. हवेचा दाबही तिथे समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश उरतो. म्हणजे एका श्वासात आपल्याला इथे जेवढा प्राणवायू मिळतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर चालायचं, तेही पाठीवर ओझं घेऊन. पाच हजार मीटरवरच्या तळावरसुद्धा पाणी ८३-८४ अंशांना उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय भात शिजत नाही. आपल्या गृहिणींना यावरून कल्पना येईल.

पण हवामान सांगून प्रश्न सुटत नाही. दार्जिलिंगचा शेर्पा किंवा गढवालचा मुलगा बर्फ पाहतच मोठा होतो हे खरं, पण इंग्लंडातल्या लोकांच्या अंगणात तरी कुठे एव्हरेस्ट होतं? त्यांनी आल्प्समध्ये जाऊन बर्फ शिकून घेतला. आपल्यालाही शिकावाच लागणार होता. म्हणून खरा इतिहास आहे तो शिकण्याचा.

तसा मराठी माणूस हिमालयात फार पूर्वीपासून जात होता, पण यात्रेला. बद्रीकेदार, गंगोत्री, जमनोत्री. काकासाहेब कालेलकर १९१२ च्या सुमारास अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद यांच्यासोबत हिमालयात पायी हिंडले. त्यावरचं त्यांचं पुस्तक आधी गुजरातीत आलं. हे स्वामी आनंद म्हणजे पुढे आपल्याच भागात, डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर बरीच वर्षं राहिलेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाड आपल्याला माहीत असतं, पण हिमालय पायाखाली घातलेला एक माणूस तिथे राहत होता हे मला फार उशिरा कळलं. तर यात्रेकरूची वाट देवळापाशी संपते. बर्फाची हद्द लागली की तो हात जोडून मागे वळतो. त्या हद्दीच्या वर जायचं तर वेगळी विद्या लागते, आणि ती देणारी शाळाच १९५४ पर्यंत आपल्या देशात नव्हती.

तेनझिंगच्या यशानंतर दीड वर्षात, नोव्हेंबर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली. त्याच १९५४ साली मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था सुरू झाली. मुंबईच्या परिसरातल्या गिर्यारोहणाची ही सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. हा योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या चाळीस वर्षांत जे घडलं ते या दोन टोकांच्या मधल्या रेल्वेप्रवासात घडलं असं म्हणायला हरकत नाही. इथे सह्याद्रीत रविवारी कातळ चढायचा, आणि वर्षभराची रजा साठवून एकदा हिमालयातल्या संस्थेत महिनाभराचा अभ्यासक्रम करायला जायचं. मनालीची संस्था १९६१ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची. बँकेतले, कारखान्यातले, कॉलेजातले मराठी तरुण या संस्थांत जाऊन पहिल्यांदा बर्फावर उभे राहिले.

उभे राहिले म्हणजे काय, आधी पडायला शिकले. कातळावर चढणारा माणूस हातांवर विश्वास ठेवतो. आपल्या बसाल्टला खाचा असतात, बोटं रुततात. टणक बर्फावर बोटांचा काहीच उपयोग नाही, सगळं काम पायांचं. बुटाच्या तळाला क्रॅम्पॉन म्हणजे पोलादी दात्यांचा सांगाडा बांधायचा, आणि प्रत्येक पाऊल असं ठेवायचं की सगळे दाते एकदम रुततील. हातात हिमकुऱ्हाड. तिचं मुख्य काम पायऱ्या खोदणं असेल असं मला वाटायचं. पण पहिल्या धड्यात ती वापरायला शिकवतात ती घसरलेलं शरीर थांबवायला. मुद्दाम उतारावरून घसरायचं, घसरता घसरता पालथं व्हायचं आणि कुऱ्हाडीचं टोक छातीखाली धरून सगळ्या वजनानिशी बर्फात दाबायचं. पाठीवर, डोकं खाली पाय वर, अशा सगळ्या तऱ्हांनी पडून पाहायचं. सह्याद्रीत घसरणं म्हणजे अपघात. बर्फावर घसरणं धरूनच चालतात आणि त्यातून थांबण्याची सवय अंगात मुरवून घेतात. चाळिशीत नोकरीतून रजा काढून गेलेल्या माणसाला हे शरीराला पटवणं किती अवघड जात असेल!

आणखी एक फरक. आपण तांदुळवाडीला पहाटे निघतो ते उन्हाच्या भीतीने. हिमशिखरावर मध्यरात्रीच्या सुमारास निघतात तेही उन्हाच्याच भीतीने, पण वेगळ्या. रात्री थंडीने बर्फ आवळलेला असतो. हिमनदीतल्या भेगांवर ताज्या बर्फाचे जे पूल झालेले असतात ते वजन पेलतात. सूर्य वर आला की तेच पूल मऊ पडतात, वरचे बर्फाचे कडे सुटू लागतात. त्यामुळे माथ्यावर सकाळी पोहोचून दुपारच्या आत खालचा तंबू गाठायचा, हा नियम. घड्याळ तिथे दोरीइतकंच महत्त्वाचं.

शिकणं झालं, तरी पुढची अडचण पैशाची आणि वेळेची. भारताच्या सुरुवातीच्या एव्हरेस्ट मोहिमा सरकारी पाठबळाच्या होत्या, त्यांत लष्कर, पोलीस दलं आणि शेर्पा यांचा भरणा. १९६० ची मोहीम ब्रिगेडिअर ग्यान सिंग यांची. नवांग गोम्बू, सोनम ग्यात्सो आणि नरेंद्र कुमार हे तिघे २८,३०० फुटांपर्यंत पोहोचले आणि वादळी वाऱ्यामुळे मागे फिरले. १९६२ ची मेजर जॉन डायस यांची. कोहली, ग्यात्सो आणि हरी डांग २८,६०० फुटांवरून परतले. एव्हरेस्ट २९,०२८ फूट धरायचे तेव्हा. म्हणजे एकदा सातशे फूट आणि एकदा चारशे फूट उरले असताना पाठ फिरवली. तांदुळवाडीच्या शेवटच्या टप्प्याएवढंही अंतर नाही ते! १९६५ साली त्याच कोहलींच्या नेतृत्वाखाली मोहीम गेली आणि नऊ जण माथ्यावर पोहोचले. त्यात गोम्बू होते, सोनम ग्यात्सोही होते. आधीच्या खेपेला चारशे-सातशे फुटांसाठी हट्ट धरला असता तर १९६५ ला ते असते का, हा प्रश्न मी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवला आहे.

या नऊ जणांत मराठी कोणी नव्हतं. गिर्यारोहण हा आपल्याकडे रविवारचा, स्वखर्चाचा उद्योग राहिला. लोकांनी वर्गणी काढून, संस्थांकडून सामान भाड्याने घेऊन, ऑफिसात बिनपगारी रजा टाकून हिमालयातली सहा-साडेसहा हजार मीटरची शिखरं केली. या मोहिमांची नोंद वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत यायची. मुंबईत आज 'हिमालयन क्लब'चं कार्यालय आहे, तिथल्या वार्षिकांत त्यांचे अहवाल मात्र जपून ठेवलेले असतात. मुंबईकर हरीश कपाडिया यांनी ते वार्षिक अनेक वर्षं संपादित केलं. मराठी, गुजराती, पारशी अशी सगळी मंडळी या मुंबईच्या गिर्यारोहणात मिसळलेली होती, त्यामुळे 'पहिला मराठी' हा हिशेब मुळातच थोडा कोता आहे हेही कबूल करतो. पण प्रश्न आपल्याच वर्गात विचारला गेला होता, तेव्हा तो तसाच ठेवतो.

१९८८ साली गिरिविहारने वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली कांचनगंगेवर मोहीम नेली. ८,५८६ मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर. लष्कराच्या नव्हे तर नागरी गिर्यारोहकांच्या बळावर एवढ्या उंचीचं स्वप्न पाहणं हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. शिखर मिळालं नाही आणि एक साथीदार तिथेच राहिला. जे परतले त्यांनी आठ हजार मीटरच्या डोंगराचं नियोजन कसं करायचं, सामान किती लागतं, पैसा कुठून उभा राहतो, माणसं कुठे कोसळतात, हे सगळं ज्ञान सोबत आणलं. ते पुढच्यांच्या कामी आलं. आपल्याकडे इतिहास लिहिताना अशा मोहिमांना 'अयशस्वी' हा एक शब्द लावून पुढे जातात. मला तो शब्द पटत नाही.

आता १९९८. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालची ही मोहीम एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने, तिबेटमधून गेली. बहुतेकांना तेनझिंग-हिलरींची नेपाळकडची दक्षिणेची वाट माहीत असते. उत्तरेची वाट जुनी आहे. १९२४ साली मॅलरी आणि अर्विन याच बाजूने गेले ते परतले नाहीत. नंतर तिबेटची दारं बाहेरच्यांना बंद झाली. १९६० मध्ये चिनी गिर्यारोहक या बाजूने वर गेले. १९८० च्या सुमारास परदेशी मोहिमांना परत परवाने मिळू लागले, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये राइनहोल्ड मेसनर या बाजूने एकटा, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय माथ्यावर जाऊन आला.

या वाटेवर रोंगबुकच्या मठापलीकडे ५,२०० मीटरच्या आसपास तळ असतो. तिथपर्यंत गाडी जाते, हा मोठा फायदा. मग हिमनदीच्या कडेने चालत ६,४०० मीटरवर पुढचा तळ, याकांच्या पाठीवर सामान. तिथून बर्फाची भिंत चढून नॉर्थ कोल ही खिंड, ७,००० मीटरवर. खरी बर्फाची चढण ही. पुढे वाऱ्याने झोडपलेली धार, आणि ८,३०० मीटरवर शेवटचा तंबू. एवढ्या उंचीवर माणूस झोपत नाही, नुसता पडून राहतो. तिथून ईशान्य धारेवर कातळाच्या तीन पायऱ्या लागतात. दुसरी सर्वांत अवघड. १९७५ साली चिन्यांनी तिथे ॲल्युमिनियमची शिडी बसवली, आजवर लोक त्या टप्प्यावर शिडीने चढतात. गंमत पाहा, इथे पायाला क्रॅम्पॉन आणि खाली दगड. बर्फासाठी बांधलेले पोलादी दाते कातळावर करकरत ठेवायचे. सह्याद्रीत कातळ चढलेल्या माणसाला हा टप्पा इतरांपेक्षा थोडा कमी परका वाटत असेल असं मला वाटतं. हा माझा तर्क, पुरावा नाही.

आणि ही वाट दोन वर्षांपूर्वीच तीन भारतीयांना गिळून बसली होती. १० मे १९९६ रोजी इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या तुकडीतले सहा जण वरच्या तंबूतून निघाले. वेळ होत चालली, वारा वाढला, तिघे मागे फिरले. त्सेवांग स्मानला, त्सेवांग पालजोर आणि दोर्जे मोरूप पुढे गेले. संध्याकाळी वादळ आलं, त्यातून ते तिघे उतरले नाहीत. त्याच वादळात दक्षिण बाजूला आणखी पाच जण गेले. म्हणजे १९९८ ला जे मराठी गिर्यारोहक त्या धारेवर चालले त्यांना ही सगळी कथा माहीत होती, आणि तिच्या खुणा वाटेवर होत्या.

१८ मे १९९८ रोजी सुरेंद्र चव्हाण शेर्पा साथीदारांसह माथ्यावर पोहोचले. महाराष्ट्रातून एव्हरेस्टवर पोहोचलेले ते पहिले. शेर्पांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. दोऱ्या कोण बांधतं, प्राणवायूची नळकांडी आधी जाऊन वरच्या तंबूत कोण ठेवतं, हे आपल्या सत्कारसमारंभांत बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. आपल्याकडे बोट किनाऱ्याला लागल्यावर मालकाबरोबर खलाशांची नावंही घेतली जातात. तेवढी रीत इथेही पाळावी. बरोबर एक वर्षाने, मे १९९९ मध्ये, त्याच उत्तर उतारावर मॅलरीचा देह सापडला. पंचाहत्तर वर्षं बर्फाने तो जपला होता.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला जमलं तसं इतकं. बर्फ नव्हता, तो संस्थांत जाऊन शिकावा लागला. सरकारी मोहिमांत आपण नव्हतो, त्यामुळे पैसा आणि रजा दोन्ही स्वतःच्या खिशातून काढावी लागली. कातळावरच्या रविवारांमधून एक पिढी तयार व्हायला वीस वर्षं लागली, आठ हजारांचा अनुभव घ्यायला आणखी एक पिढी. पंचेचाळीस वर्षं उशीर झाला असं मी आधी म्हणत होतो. आता म्हणत नाही, तेवढं काम होतंच.

पुढची गोष्ट तुम्हाला बातम्यांतून माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. २००९ साली कृष्णा पाटील ही पुण्याची मुलगी एकोणीस वर्षांची असताना एव्हरेस्टवर गेली. २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेची मोहीम उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गेली. लोकांकडून पैसा उभा करून निघालेली नागरी मोहीम, १९ मे रोजी आठ जण माथ्यावर. त्याच मोहिमेत आजारी पडलेले रमेश गुळवे यांना खाली आणलं, पण ते वाचले नाहीत. २०१९ च्या मे महिन्यात याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर पोहोचले, जिथून एकतीस वर्षांपूर्वी गिरिविहारची माणसं परतली होती. त्याच दिवसांत त्याच डोंगरावर बंगालमधल्या दोन गिर्यारोहकांचा उतरताना मृत्यू झाला. उंच डोंगरावरचे बरेच अपघात उतरताना होतात. चढताना अंगातलं सगळं खर्च झालेलं असतं, आणि उतरणीसाठी काही शिल्लक ठेवायचं असतं हे त्या उंचीवर मेंदूला सुचत नाही. प्राणवायू कमी पडला की आधी निर्णयशक्ती जाते. म्हणून मागे फिरायची वेळ खाली असतानाच, डोकं ठिकाणावर असताना ठरवून घ्यायची असते.

आपल्याला सर्वांत जवळची गोष्ट मात्र आश्रमशाळांची. आदिवासी विकास विभागाने 'मिशन शौर्य' नावाचा उपक्रम घेतला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली मुलंमुली निवडली, त्यांना प्रशिक्षण दिलं आणि २०१८ साली दहा जणांची तुकडी एव्हरेस्टला पाठवली. मे महिन्यात त्यातले पाच जण माथ्यावर पोहोचले : मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी गेली, तिच्यात आपल्या पालघर जिल्ह्यातलाही एक विद्यार्थी होता. चंद्रपूरचा उन्हाळा ऐकून माहीत असेल, पंचेचाळीस अंशांच्या वर. तिथल्या मुलांना बर्फ शिकायला दोन पिढ्या लागल्या नाहीत, कारण शिकवणारे आणि खर्च करणारे आता तयार होते. यावर टीकाही झाली. आश्रमशाळांत साध्या सोयी नसताना एव्हरेस्टवर खर्च कशाला, असं लोक म्हणाले. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या तालुक्यातल्या आश्रमशाळा पाहिलेल्या माणसाला तसं म्हणवणारही नाही. पण बँकेतल्या बाबूला जे पंचेचाळीस वर्षांत मिळालं ते जंगलातल्या मुलीला कधीच मिळू नये, असाही त्याचा अर्थ होऊ नये.

एक गोष्ट मला खटकते. माथ्यावर गेलेल्या पाच जणांची नावं मी न पाहता लिहू शकतो. तुकडी दहा जणांची होती. बाकीच्या पाचांची नावं मला सांगता येणार नाहीत.

हे लिहिताना १९८५ च्या डिसेंबरमधली आपली तांदुळवाडीची सहल सारखी आठवत होती. एसटी उशिरा आली होती. सफाळ्याहून पुढे चालत जाता जाताच दहा वाजले. सरांनी पायथ्याशी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, एक वाजता जिथे असू तिथून मागे. आम्ही हसण्यावारी नेलं. वाटेत एका मुलीचा पाय मुरगळला, दोघींनी तिला धरून बसवलं, पाणी संपलं. एक वाजला तेव्हा आपण शेवटच्या चढाच्या खाली होतो, माथ्यावरचा कडा समोर दिसत होता. टाक्यांचं पाणी वर, वैतरणेचं वळण वरून दिसणार, सगळं दहा-पंधरा मिनिटांवर. सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, चला. चार-पाच जणांनी हुज्जत घातली, त्यात मी पुढे होतो. सरांनी आवाज चढवला नाही. मुरगळलेल्या मुलीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि उतरायला लागले. आम्ही पाय आपटत मागून. खाली पोहोचेपर्यंत अंधार पडायला आला होता आणि शेवटची एसटी उभी होती. परतीच्या वाटेत सरांशी आम्ही बोललोही नाही. ज्या मुलीचा पाय मुरगळला होता ती या स्मरणिकेच्या संपादक मंडळावर आहे, आणि हा परिच्छेद काढून टाकायचा अधिकार तिला आहे.

सरांनी १९६० आणि १९६२ च्या मोहिमा वाचलेल्या होत्या की नाही कोण जाणे. मी कधी विचारलं नाही. या वेळी विचारणार आहे.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ज्यांचे गुडघे परवानगी देतील त्यांनी तांदुळवाडीला यायचं आहे. सकाळी सहाला सफाळे स्टेशनच्या पूर्वेला जमायचं. प्रत्येकाने दोन लिटर पाणी आणि बूट, चपला चालणार नाहीत. सर पायथ्यापर्यंत येणार आहेत, घड्याळ त्यांच्याकडे असेल. अकरा वाजता जिथे असू तिथून मागे.